आवाज कोणाचा, विचारायचं नाही

रविवार, सकाळी दहा ते दुपारी दोन, लालबाग फीडर, देखभालीसाठी वीजपुरवठा बंद.

सायकलचे स्पोक अकरा. एक वाकडा, मुद्दाम.

आईची ताटं परत करणे. सहा.

भाईदासकाकांना पहिल्या रांगेत खुर्ची. झोप लागली तर उठवायचं नाही.

पाच नंबरचा माग: पट्टा नाही, मोटर नाही, गिऱ्हाईक नाही.

आवाज कोणाचा, हे विचारायचं नाही. (भिंतीवर पुन्हा लिहिणे. खडू पुसला गेलाय.)

ध्वनी, प्रश्न तिसरा: निर्वात पोकळीत घंटा का ऐकू येत नाही?

चाय चार.

बाजू अ

ही सगळी टिपणं रश्मीच्या एकाच वहीतली. वही पुढून उघडली की आठवी ‘ब’चं विज्ञान, मागून उघडली की बँड, आणि मधल्या पानांवर दोन्ही एकमेकांत मिसळलेलं. शाळेत ती पोरांना सांगायची, ‘काहीतरी कंप पावल्याशिवाय आवाज होत नाही. आवाज आला ना, मग वस्तू शोधा. सापडणारच.’ पोरं बाकांखाली पट्ट्या वाजवून दाखवायची आणि ती वस्तू शोधायची. सापडायचीच.

बँडचं नाव ‘मेंटेनन्स’. या नावामागे मोठा विचार वगैरे काही नाही. लालबाग रोडच्या त्यांच्या गल्लीत घरटी यंत्रमाग. सकाळी सातला खटखट सुरू झाली की माणसाला फोनवर नीट बोलायचं तर स्टेशनपर्यंत चालत जावं लागतं. तिथे स्वतःचा गोंधळ घालायचा म्हणजे नदीत तांब्याभर पाणी ओतण्यासारखं. तेव्हा वीज कंपनी देखभालीसाठी लाइट बंद करायची, त्या दिवशीच त्यांचा कार्यक्रम. पेपरात नोटीस आली की मोहित तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचा, ‘तारीख मिळाली.’ ई-रिक्षाच्या दोन जुन्या बॅटऱ्यांवर ॲम्प्लिफायर चालायचा. पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर त्यांनी हाताने रंगवून पार शनवारा चौकापर्यंत चिकटवलं होतं: ‘रविवारी दहा ते दोन, मेंटेनन्स.’ आख्ख्या मोहल्ल्याने पाण्याच्या टाक्या भरून ठेवल्या. ऐकायला आले पाच जण.

मोहितचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो तीन मोडके रेडिओ आणि पोरांच्या खेळण्यांची पोटं फाडून काढलेल्या सर्किटांवर वाजवायचा. लोटू म्हणजे लोटूमिस्त्री, पंचेचाळिशीचा, गल्लीतले माग दुरुस्त करणारा. तो तेलाच्या पिंपावर आणि पत्र्यावर मागाचा धोटा आपटायचा. धोटा म्हणजे बाण्याचा आडवा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळणारं लाकडी होडकं. ‘आयुष्यभर यानं मला पळवलं, आता मी याला पळवतो,’ असं तो म्हणायचा. रश्मीने एका फळीवर सायकलचे स्पोक ताणून बसवले होते. त्यांच्यावर ती राळ लावलेला दोरा ओढायची. स्पोक किंचाळायचे.

वाजवायची जागा तिच्या वडिलांची शेड. आठ मागांपैकी चार प्रकाशरावांनी विकले होते, तीन चालायचे, आणि पाच नंबरचा कोणी फुकटही नेत नव्हतं.

नियम लोटूचा. पहिल्या दोन महिन्यांत ‘तू माझ्यावर का चढलास’ आणि ‘तो घाण आवाज तुझाच’ यावरून इतकी भांडणं झाली की एक दिवस लोटूने खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं: आवाज कोणाचा, हे विचारायचं नाही.

‘का रे भो?’ मोहितने विचारलं.

‘आपल्या धंद्यात आवाज आला की कोणत्या मागाचा, कोणाची चूक, कोणाचा धागा तुटला. तेच करून करून म्हातारा झालो. इथं तरी नको.’

हे सगळ्यांना पटलं. त्यानंतर भांडणं थांबली, आणि नवल म्हणजे वाजवणंही सुधारलं.

ऐकणारे हळूहळू वाढले. खंडव्याची दोन कॉलेजची पोरं यायची. मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी मालूबाई डब्यासकट यायची. शाहपुरातले केळ्यांचे व्यापारी भाईदासकाका न चुकता यायचे आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागायचे. ‘डॉक्टरच्या गोळीनं येत नाही ती झोप इथं येऊन राहिली पोरांनो,’ ते कौतुकाने म्हणायचे. लोटू त्यांच्या घोरण्यावर ताल धरायचा.

आणि प्रकाशराव चहा आणायचे. बहिरे म्हणता येणार नाही, पण तीस वर्षं मागांत उभं राहून त्यांच्या कानांनी राजीनामा दिला होता. शेडमधली भाषा ओठांची असते. मागांच्या खटखटीत ओरडण्यात अर्थ नसतो, ओठ मोठे हलवायचे आणि आवाज काढायचाच नाही. प्रकाशराव शेडच्या दारात उभे राहून तिसऱ्या मागापलीकडच्या माणसाशी त्याच्या पोरीच्या लग्नाची बोलणी करू शकत. पोरांच्या बँडबद्दल त्यांचं एकच मत होतं: ‘पायाला छान लागतो.’ म्हणजे जमिनीतून.

कधीतरी जूनमध्ये रश्मीला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

ओल्या बोटाने स्टीलच्या ताटाची कड घासावी तसा, पण तितका बारीक नाही. मध्ये मध्ये एवढासा खंड, कुणी तुटलेला धागा जोडून घ्यावा तसा, आणि पुन्हा सुरू. त्यात घाई नव्हती. तिघांच्या गोंधळाखालून तो सरळ चालत जायचा आणि गोंधळ एकदम शहाणा वाटायला लागायचा. मोहितला काय सापडलंय हे, असं तिला वाटलं. पुढच्या वेळी मोहितचा रेडिओ बंद पडला, तो पाना शोधत बसला, तरी आवाज होताच. म्हणजे लोटू. लोटूच्या पत्र्यातून असा आवाज कसा निघतो, याचं तिला कौतुक वाटलं. नियम नियम होता. तिने विचारलं नाही.

मोहितला तो आवाज रश्मीचा वाटायचा. लोटूला मोहितचा. हे त्यांना पुढे कळलं, आणि तेही टेपमुळे.

ती टेप ऑगस्टची. चौदा तारखेला दहा ते दोन लाइट नव्हती आणि मोहितने आख्खा कार्यक्रम जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर घेतला. नाशिकला सुरेश नावाचे एक गृहस्थ होते. स्वयंपाकघरात बसून अशा गोंधळाच्या कॅसेटी काढायचे, एका वेळी पन्नास, वेष्टनं हाताने कापायचे. मोहितने त्यांना टेप पाठवली आणि विसरला. महिन्याने त्यांचा फोन आला. दुकानात तिघंही होते. मोहितने फोन स्पीकरवर टाकला.

‘तीन आवाज आहेत,’ सुरेश म्हणाले. ‘रेडिओ कळले. पत्रा कळला. तो तिसरा, हळूच चालणारा. तो कोण वाजवतं? मी चार दिवस तेवढंच ऐकतोय.’

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. लोटूने मान हलवली: मी नाही. मोहितनेही.

रश्मीने टेप ऐकली होती. स्पोक त्यावर नव्हतेच. एकदाही नाही.

चौथीत असताना प्रार्थनेच्या रांगेतून बाईंनी तिला बाहेर काढून घंटेपाशी उभं केलं होतं. ‘तू नुसते ओठ हलव गं,’ त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या काही वाईट बाई नव्हत्या. पुढे हायस्कूलच्या सहा वर्षांतही रश्मीने प्रार्थनेला नुसते ओठच हलवले. तिच्या आवाजासाठी चार दिवस कुणी थांबलंय, असं आजवर घडलेलं नव्हतं.

‘मी,’ ती म्हणाली.

‘नाव?’

‘रश्मी.’

‘रश्मी, मी कॅसेट काढतो. पण एकदा तिथे येऊन ऐकेन. हे दोघं थांबतील आणि तुम्ही एकट्या वाजवाल. चालेल?’

‘चालेल ना,’ मोहितच म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर तिच्या पाठीत धपाटा घातला. ‘छुपी रुस्तम निघाली यार. तुझे स्पोक दबलेत म्हणून मी चौदा तारखेला तुला शिव्या देऊन राहिलो होतो.’

‘हो का,’ रश्मी म्हणाली.

बाजू ब

पुढची नोटीस सव्वीस दिवसांनी आली. ते सव्वीस दिवस रश्मी तो आवाज शोधत होती.

आवाज आहे म्हणजे वस्तू आहे. शाळा सुटली की ती शेडच्या मागच्या खोलीत बसायची. ओल्या बोटाने पेले घासले. स्पोकना खोबरेल लावलं. काचेची बरणी, पितळी घंटा, फुटकी टाइल. आईची ताटं एकेक करून कमी व्हायला लागली.

‘माझी सहा ताटं तिथं काय करून राहिली गं?’ शारदाबाईंनी विचारलं.

‘प्रयोग चालू आहे.’

‘मग पाहुण्यांना प्रयोगातच वाढ.’

ताटं किंचाळत, पेले गुणगुणत. तो आवाज निघेना. निघाला नाही तर काय होणार, हे तिला नीट माहीत होतं. सुरेश सभ्यपणे चहा पिऊन परत जातील. मोहित काही बोलणार नाही. लोटू भिंतीवरचा नियम पुसून टाकेल, कारण नियम मोडायचा तर असा मोडायचा नसतो. आणि तिला पुन्हा घंटेपाशी उभं राहावं लागेल, सव्विसाव्या वर्षी.

एका शनिवारी माग लवकर बंद झाले होते. तिने रेकॉर्डर लावला आणि अर्धा तास नुसते स्पोक वाजवले, काही शोधायचं नाही असं ठरवून. रात्रीच्या जेवणाआधी गच्चीवर बसून टेप ऐकली. आपलेच स्पोक, किंचाळणारे. अठराव्या मिनिटाला खाली तो आवाज आला. लांबून, शेडच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा. तिच्याबरोबर चालला. ती थांबली तिथे थांबला.

थांबला म्हणजे, एक श्वासभर उशिरा.

तिने तेवढाच तुकडा पाच वेळा ऐकला. मग खाली जाऊन जेवली. भूक लागली होती. घाबरायला हवं होतं हे तिला कळत होतं, पण खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. आवाज अजून शेडमध्येच होता.

नोटिशीतल्या रविवारी सुरेश सकाळच्या गाडीने आले. उंच, बारीक, पायात रबरी चपला, काखेत कापडी पिशवी. भाईदासकाकांनी शाहपूरहून केळ्यांचा आख्खा घड आणला होता आणि तो सुरेशच्या मांडीवरच ठेवला. ‘आमच्याकडे पाहुण्याचे हात रिकामे ठेवत नाहीत,’ म्हणाले. मालूबाईने जागा पुसून घेतली. बावीस माणसं जमली, आजवरची सगळ्यात जास्त.

दहाला लाइट गेली. गल्लीतले माग एकामागून एक थांबले. शेवटचा थांबला तेव्हा कानांना हलकं वाटायला लागलं.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वीस मिनिटं मोहितचे रेडिओ शिंकत होते, लोटूचा धोटा पत्र्यावर धावत होता, काका घोरायला लागले होते. रश्मी दोरा ओढत होती आणि वाट बघत होती. तो आवाज येत नव्हता.

सुरेशनी हात वर केला.

मोहित थांबला. लोटू थांबला. लोटूने काकांच्या गुडघ्याला हात लावला, तेही घोरायचे थांबले.

‘आता फक्त तुम्ही,’ सुरेश म्हणाले. ‘तो तुमचाच ना?’

‘हो,’ रश्मी म्हणाली. ‘माझाच. मी वाजवते.’

तिने दोरा स्पोकांवर धरला. टेकवला नाही. ओढायची हिंमत होत नव्हती. ओढला की किंचाळी निघणार, आणि सगळं संपणार.

पत्र्याच्या छपरावर एक कावळा चालत गेला.

कुणीतरी खोकलं.

मग तो आला.

इतक्या जवळून कधीच आला नव्हता. तिच्या मानेमागून, खांद्याच्या उंचीवर, सरळ आणि निवांत. एवढासा खंड. धागा जोडला. पुन्हा सुरू. तिने दोरा हवेत डावीउजवीकडे न्यायला सुरुवात केली, निदान दिसायला बरं. आवाज तिच्या हाताबरोबर वळला. हात सावकाश केला, आवाज सावकाश झाला. हात थांबवला.

एक श्वासभर उशिरा तोही थांबला.

सुरेशचे डोळे मिटलेले होते. मालूबाई डोळ्यांना पदर लावत होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग टाळ्या. मोहित जोरात शिट्टी वाजवत होता.

‘काढू या,’ सुरेश डोळे न उघडताच म्हणाले. ‘पन्नास नाही, शंभर.’

मोहित आणि लोटू त्यांना मावा जिलेबी खायला घेऊन गेले. माणसं पांगली. लाइट यायला अजून वेळ होता. प्रकाशराव पेले गोळा करत होते. रश्मी फळीवरचे स्पोक सैल करत होती.

‘छान झालं,’ प्रकाशराव म्हणाले. ‘आज तर पायाला गुदगुल्या. पण तुमची ती पोरगी कधी चाय पीत नाही का गं? तिचा पेला दरवेळी तसाच राहतो.’

‘कोणती पोरगी?’ तिने ओठ मोठे हलवून विचारलं.

‘तुझ्या मागं बसते ती. पाच नंबरजवळ. मला वाटलं मोहितच्या ओळखीतली असेल. लाजाळू आहे.’

रश्मीने मागे वळून पाहिलं. पाच नंबरचा माग होता. त्याच्या चौकटीवर धूळ आणि सुताची लव. शेजारच्या तेलाच्या डब्यावर चहाचा भरलेला पेला, वर साय धरलेली.

‘कशी दिसते, पप्पा?’

‘उजेड मागून येतो ना तिथं. चेहरा नीट कळत नाही. ओठ तेवढे दिसतात.’ पेल्यातला चहा त्यांनी दाराबाहेर ओतला. ‘वाजवताना बोलत राहते सारखी. मोजते. एक, दोन, तीन. मग थांबते. पुन्हा एक, दोन. लोटूसारखंच, हिशेबी.’

‘आजपण मोजत होती?’

‘आज नाही.’ त्यांनी रिकामा पेला बाकीच्यांत ठेवला. ‘त्या सुरेशनं तुला विचारलं ना, तुझाच का म्हणून. तू काहीतरी बोललीस.’

‘हो.’

‘तीपण तेच बोलली. दोघींचे ओठ एकदम हलले.’

छपरावरून कावळा उडाला. प्रयोगासाठी दोऱ्याने खिळ्यांवर अडकवलेली आईची ताटं किंचित हलत होती. रश्मीने एक ताट हाताने धरून थांबवलं.

‘आत्ता आहे?’

प्रकाशरावांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. मान डोलावली.

‘नाव विचारा ना तिचं,’ रश्मी म्हणाली. ‘सुरेशसरांना द्यायचंय. वेष्टनावर छापायला.’

हे ती मनापासून बोलली होती. चूक झाली होती, दुरुस्त करता येण्यासारखी होती, आणि एकदा नाव कळलं की ते फोनवर सांगायला एक मिनिट लागलं असतं.

प्रकाशरावांनी ओठ हलवले, आवाज न काढता. रश्मीने ते वाचले: बेटा, नाव काय तुझं?

ते पाच नंबरकडे बघत राहिले.

प्रकाशरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

‘गंमत आहे,’ ते म्हणाले. ‘रश्मीच म्हणते.’

तेवढ्यात लाइट आली, वेळेआधीच. आधी पलीकडच्या गल्लीतले माग सुरू झाले, मग शेजारचे, मग त्यांच्या शेडमधले तिन्ही, आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही. धुरळ्यात उभे राहून प्रकाशरावांनी तिला ओठांनीच सांगितलं: बसू दे तिला. कोणाला त्रास नाही.

डिसेंबरमध्ये कॅसेट आली. निळं वेष्टन, कडा जरा वाकड्या कापलेल्या. शंभरातल्या सदतीस प्रती पहिल्या आठवड्यातच गेल्या. त्यातल्या चार भाईदासकाकांनी घेतल्या, एक उशाशी ठेवायला आणि तीन देण्याघेण्याला. शाळेत मुख्याध्यापकांनी रश्मीला बोलावून विचारलं, ‘हे नक्की काय आहे?’ आणि उत्तर न ऐकताच अभिनंदन केलं. शारदाबाईंनी ताटं मोजून घेतली. लोटू आता सगळ्यांना आपली ओळख ‘कलाकार, आणि मागाचंही बघतो’ अशी करून देतो. प्रत्येक कार्यक्रमाला चहाचे चार पेले येतात. चौथा रश्मी स्वतः नेऊन डब्यावर ठेवते, साखर जरा जास्त घालून.

वेष्टनाच्या आतल्या बाजूला तीन नावं आहेत. मोहित, रेडिओ. लोटू, पिंप आणि धोटा. तिसरी ओळ लिहून पाठवायला रश्मीने दोन दिवस घेतले. तिने आधी ‘रश्मी’ दोनदा लिहिलं होतं. मग एक खोडलं. कुठलं खोडलं, हे बघून काही कळत नव्हतं.

खाली बारीक अक्षरांत लिहिलंय: लालबाग रोड, बुऱ्हाणपूर, चौदा ऑगस्ट.

चौदा ऑगस्टला रश्मी सकाळी आठच्या बसने खकनारला मावशीकडे गेली होती आणि संध्याकाळी सातला परत आली.